पलीकडच्या फाटकाची किल्ली

मुलीच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर हिने चार डबे ठेवले होते. ही म्हणजे माझी बायको. कॉव्हेंट्रीहून स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत गाडीने जायचं म्हणजे निम्मी डिकी डब्यांची, हा आमच्या घरचा नियम आहे. चकलीच्या डब्याखाली समुद्र होता, शेवेच्या डब्याखाली शेजाऱ्याची इस्टेट. मधल्या उघड्या भागात तपकिरी रेषा एकमेकींना चिकटून दाटल्या होत्या आणि तिथे मुलीने पेन्सिलीने एक गोल काढला होता.

"इथे आहेत त्या," ती म्हणाली. "आणि इथे आपण. मधला सगळा प्रॉब्लेम."

त्या म्हणजे हरणाच्या माद्या. इथलं लाल हरीण साधारण आपल्या सांबराच्या अंगाचं असतं आणि या देशात त्याहून मोठं रानटी जनावर उरलेलं नाही. लांडगे होते, ते माणसांनी फार पूर्वीच संपवले. त्यामुळे लांडग्यांचं काम आता माणसांना पगार देऊन करून घ्यावं लागतं. आमची मुलगी त्या पगारावर आहे.

पुण्याच्या नातेवाइकांना ही सांगते, "वनखात्यात आहे." ते ऐकून तिकडे सगळ्यांना बरं वाटतं. वनखात्यातली माणसं झाडं मोजतात, फार तर वणवा विझवतात. आमच्या घरात अंडं उकडायचं पातेलं वेगळं होतं आणि ते इतर भांड्यांना शिवणार नाही अशा बेताने सिंकखाली ठेवलं जाई. त्या घरातली मुलगी खांद्याला रायफल लावून डोंगर चढते, ही फोनवर सांगायची गोष्ट नव्हे.

गावाने मिळून डोंगराचा एक मोठा तुकडा विकत घेतला होता आणि त्यावर झाडं लावली होती. भूर्ज, रोवन, पाइन. गुडघ्याएवढी झाली की हिवाळ्यात हरणं यायची आणि शेंडे खाऊन जायची. गावाच्या ट्रस्टींनी मुलीला त्या वर्षी एक आकडा दिला होता: हंगाम संपेपर्यंत इतक्या माद्या कमी झाल्या पाहिजेत. त्यातल्या चार राहिल्या होत्या. फेब्रुवारीच्या मध्याला कायद्याने माद्यांचा हंगाम बंद होतो आणि आम्ही पोहोचलो तेव्हा तो आठवडा सुरू झाला होता. आकडा भरला नाही तर वसंतात शिकारीचे हक्क शेजारच्या इस्टेटीला भाड्याने द्यायचे, असं ट्रस्टींच्या बैठकीत ठरलं होतं. मग मुलीच्या नोकरीचं काही काम उरत नव्हतं. आणि ज्या टेबलावर नकाशा होता ते टेबल ज्या घरात होतं, ते घर नोकरीचं होतं.

चार हा आकडा ऐकायला लहान वाटतो. मीही आल्या आल्या तसं म्हटलं.

"बाबा, तुम्ही इतिहास शिकवायचा," मुलगी म्हणाली. तिचं मराठी घाईत असलं की असं होतं. "किल्ल्यात माणसं थोडीच असायची ना? पण वर जायचं कसं, हाच क्वेश्चन असायचा."

वर्गात हे मी इतकं नेमकं कधी सांगितलं नव्हतं.

पेन्सिलीच्या त्या गोलात डोंगरांनी तिन्ही बाजूंनी घेरलेली एक खोलगट जागा होती. जागा आमच्या हद्दीत, म्हणजे गावाच्या. पण गावाकडून तिथे जायचं तर मधली धार ओलांडायला हवी आणि धारेवर बर्फ. शिवाय इथला वारा बहुतेक पश्चिमेचा आणि गावही पश्चिमेला. धारेवर पाय ठेवण्याआधीच आपला वास खाली जाऊन आपण आल्याची वर्दी देतो. दुसरा रस्ता पूर्वेकडून. तिकडून गेलं की वारा तोंडावर येतो आणि चढही बेताचा आहे. गाडी जाईल असा कच्चा रस्ता थेट त्या खळग्याच्या तोंडाशी जातो. तो शेजाऱ्याचा. त्याच्या सुरुवातीला लोखंडी फाटक आणि फाटकाला कुलूप.

"पण इथे तर कुणीही कुठेही चालू शकतं म्हणतात," मी म्हटलं.

"चालू शकतं. गाडी नेऊ शकत नाही. आणि रायफल घेऊन दुसऱ्याच्या जमिनीवर फिरायचं तर आधी विचारायचं. मारलेलं जनावर खाली आणायला गाडी लागते, बाबा. वर सोडून आले तर ट्रस्टी मलाच नोकरीवरून सोडतील."

तेव्हा बेत असा ठरला की शेजाऱ्याला जेवायला बोलवायचं.

हा बेत हिचा. "जेवणाआधी कामाचं बोलायचं नाही," तिने मुलीला बजावलं. "पोटभर जेवू दे. मग आपोआप विषय निघतो."

शेजारी वेळेवर आला. कुत्री गाडीत ठेवली होती, हातात वाइनची बाटली होती आणि अंगात त्या इस्टेटीचं ट्वीड. इथे प्रत्येक मोठ्या इस्टेटीचं आपलं कापड असतं. डोंगराच्या रंगात माणूस मिसळून जावा म्हणून ते विणतात. या गृहस्थांनी इस्टेट घेतली ती दक्षिणेत पैशाच्या धंद्यातून निवृत्त झाल्यावर, त्यामुळे ते पुरातन कापड वयाने आमच्या फ्रीजपेक्षा लहान होतं. मी हसलो नाही. आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात पाहुण्यांना फेटे बांधतात, तेव्हा मीही एकदा आरशासमोर उगाच थांबलो होतो. फरक एवढाच की फेटा संध्याकाळी सोडायचा असतो.

मसालेभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पुऱ्या, श्रीखंड. शेजारी मन लावून जेवला. हवामानाबद्दल बोलला, त्याच्या पाहुण्यांबद्दल बोलला. आठवड्याच्या शेवटी कोणी मोठी माणसं शिकारीला येणार होती. मुलगी मान हलवत होती आणि काट्याने भाताचे लहान लहान ढीग करत होती.

हिने त्याच्या पानात आणखी एक पुरी घातली.

"नको, पुरे झालं," तो म्हणाला. "फार छान होतं."

"एकच," ही इंग्रजीत म्हणाली. "छोटीशी."

त्याने पुरीकडे कौन्सिलच्या नोटिशीकडे बघावं तसं बघितलं आणि ती खाल्ली. तिने दुसरी घातली. तो म्हणाला, खरंच नको. तीही त्याने खाल्ली. तिसऱ्या वेळी त्याने दोन्ही हात पानावर आडवे धरले. आपल्याकडे पंगतीत असंच करतात. त्याला ते कोणी शिकवलेलं नव्हतं. हिने समाधानाने माझ्याकडे पाहिलं. पाहुणा आता जेवला, असा त्याचा अर्थ.

आणि विषय खरोखर आपोआप निघाला. त्याने खिशात हात घालून एक जाड पितळी किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली नाही, नुसती बोटांत धरली.

"तुम्हाला माझं फाटक लागेल बहुतेक," तो मुलीला म्हणाला. "या आठवड्यापुरती ही ठेवायची असेल तर ठेवा."

मी मुलीकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळला. आणि ती म्हणाली, "नाही, नाही, कशाला! तुम्हाला उगाच त्रास. आम्ही करू काहीतरी."

"बरं," तो म्हणाला आणि किल्ली परत खिशात गेली.

यानंतर जी शांतता झाली ती आम्हा तिघांनाच ऐकू आली. तिघंही त्याच्या पुढच्या वाक्याची वाट बघत होतो. ते वाक्य कोणतं हे आम्हाला पाठ होतं: अहो, त्रास कसला, घ्या. मग आपण म्हणायचं, नको हो, खरंच. मग समोरच्याने वस्तू हातात कोंबायची. पुढचं वाक्य आलं. ते असं होतं: "माझा कोट कुठे ठेवलात?"

ही एवढी गडबडली की उरलेलं श्रीखंड डब्यात भरून तिने त्याच्या हातात दिलं. स्टीलचा डबा, झाकणावर माझ्या आईचं नाव कोरलेलं. तो नको म्हणाला. तिने दिलाच.

दार लागलं. गाडीचे दिवे वळणावर दिसेनासे झाले.

"मी काय बोलले?" मुलगी म्हणाली. "आई, मी काय बोलले आत्ता?"

"अगं, पण त्याने परत विचारायला नको? एकदा विचारलं आणि ठेवली खिशात? ही काय रीत झाली?"

"तूच शिकवलंयस! कुणी चॉकलेट दिलं की नो थँक यू म्हणायचं. दुसऱ्यांदा पण नो. तिसऱ्यांदा घ्यायचं. चिमटे काढायचीस तू मला, टेबलाखालून!"

"चॉकलेटबद्दल शिकवलं होतं. किल्लीबद्दल नाही."

"अहो, तुम्ही तरी बोलायचं होतं," ही मग माझ्याकडे वळून म्हणाली. मी म्हटलं की मीसुद्धा त्याच्या आग्रहाचीच वाट बघत होतो. हे खरं होतं. या देशात जन्मलेल्या आमच्या मुलीला पुल्लिंग-स्त्रीलिंग नीट जमत नाही, सणांची तिथी ठाऊक नसते, पण पहिल्यांदा नाही म्हणायचं हे मात्र तिच्या हाडात मुरलं होतं. कोणती गोष्ट पुढच्या पिढीत उतरेल ते आपल्याला निवडता येत नाही.

सकाळी तिने मेसेज लिहिला. पुसला. पुन्हा लिहिला. आदल्या दिवशीचं बोलणं अजून खुलं असेल तर किल्ली चालेल, असं काहीतरी. उत्तर चहा निवायच्या आत आलं. तिने वाचून दाखवलं: काल तुमचं म्हणणं अगदी स्पष्ट वाटलं. आता माझे पाहुणे येत आहेत, तेव्हा रस्ता आहे तसाच राहिलेला बरा.

"मग?" ही म्हणाली.

"मग काय? नो म्हणाला."

"एकदाच विचारलंस?"

मुलीने फोन टेबलावर उपडा ठेवला आणि बूट घालायला गेली.

वारा दुपारपासून उत्तरेचा होणार असा अंदाज होता. तसं झालं तर धारेवरून वास आडवा जाईल, खाली उतरणार नाही. जनावर गाडीशिवाय खाली कसं आणायचं ते नंतर बघू, असं ती म्हणाली. मुलीच्या जोडीचा माणूस पाय मोडून घरी बसला होता आणि ट्रस्टींचा नियम होता की रायफल घेऊन एकट्याने जायचं नाही. दुसऱ्या माणसाने फक्त रेडिओ धरून बसायचं, वेळ पडली तर मदत बोलवायची. निवृत्त शिक्षकाला जमेल असं काम. मी गेलो.

चढ कसा होता ते लिहीत नाही. मला तो बहुतेक माझ्या बुटांच्या टोकांवरून आठवतो. धारेच्या शेवटच्या टप्प्यात बर्फ टणक होता. मुलगी पुढे पायऱ्या कापत होती आणि मी त्यांत पाय ठेवत होतो. एका जागी माझा पाय सरकला आणि मी नुसता हातांवर राहिलो. तिने मागे न बघता सांगितलं, "बाबा, खाली बघू नका. माझ्या रकसॅकचा लाल पट्टा बघा." बालवाडीत सोडताना मी तिला असंच काहीतरी सांगायचो. लाल पट्टा बघत वर आलो.

वर आम्ही पोटावर झोपलो. खाली त्या होत्या. दुर्बिणीतून मला आधी नुसते दगड दिसले, मग त्यातल्या एका दगडाने कान हलवला. मग सगळेच दगड हरणं झाले. तपकिरी, जाड हिवाळी केसांची, बर्फ उकरून गवत खाणारी. मुलगी रायफलीचं आवरण काढत होती. अंतर अजून फार होतं. तिला एका ओघळीतून बरंच खाली सरकायचं होतं. तिने एक पाय खाली सोडला.

तेवढ्यात माझ्या मानेला गार लागलं.

वारा चेहऱ्याच्या डाव्या बाजूला होता तो मागे आला. एवढंच. कसलाही आवाज नाही. खाली एक म्हातारी मादी मान वर करून उभी राहिली. मग एकामागून एक सगळ्या माना वर झाल्या आणि सगळ्या आमच्याच दिशेला वळल्या. इतक्या जणांनी इतक्या नापसंतीने माझ्याकडे शाळेच्या तपासणीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. त्या पळाल्या नाहीत. ओळीने चालत गेल्या, खळग्याच्या पूर्वेकडच्या टोकाला. आमच्याच हद्दीत, पण शेजाऱ्याच्या रस्त्याला लागून. जिथे आम्हाला जाता येत नव्हतं नेमकं तिथे जाऊन त्या पुन्हा चरू लागल्या.

"संपलं," मुलगी म्हणाली. हंगामाचा एकच दिवस राहिला होता.

उतरताना ती एकदाच बोलली. "बाबा, घर रिकामं करायला तुम्ही पुन्हा याल ना?" मी हो म्हटलं.

घरी ही कोट घालून दारातच उभी होती. "माझा डबा आणायचाय," ती म्हणाली.

"आई, नाही. प्लीज. त्याला वाटेल आपण—"

"सासूबाईंचा डबा आहे. तुला यायचं तर ये, नाहीतर मी चालत जाते. चालायचा हक्क आहे ना इथे सगळ्यांना?"

मुलीच्या तोंडाला चिखल होता. तसाच ठेवून ती गाडीत बसली.

शेजाऱ्याच्या घरात शिंगं होती. जिन्यावर, दिवाणखान्यात, बाथरूमच्या दारावरसुद्धा. प्रत्येक कवटीखाली पितळी पाटी: कोणी मारलं आणि कधी. बरीचशी नावं घराबरोबर विकत मिळाली असावीत. शेजारी सौजन्याने वागला. आम्हाला शेकोटीपाशी बसवलं.

"चहा घेणार?" त्याने हिला विचारलं.

"हो," ही म्हणाली.

एकदम हो. पहिल्याच विचारण्याला. आमच्या एवढ्या वर्षांच्या संसारात मी हे ऐकलं नव्हतं. मुलीनेही ऐकलं. चहा येईपर्यंत ती हातमोजे हातांत पिळत राहिली आणि कप समोर आल्यावर, तो न उचलता, बोलली.

"काल रात्री मी किल्ली नको म्हटलं. मला हवी होती. आमच्याकडे पहिल्यांदा नको म्हणतात. मला वाटलं तुम्ही परत विचाराल."

"मी का परत विचारीन? तुम्ही नको म्हणालात."

"हो."

"तुमच्या आईंना मी तीनदा नको म्हटलं," शेजारी म्हणाला. "मला खरंच नको होतं. रात्रभर पोट धरून बसलो होतो."

ही कपात बघत मराठीत म्हणाली, "एवढ्याशा पुऱ्यांनी?"

"काय म्हणाल्या?"

"सॉरी म्हणतेय," मुलगी म्हणाली.

तो शेकोटीकडे वळला आणि लाकूड सारखं करत राहिला. "खरं सांगू का? तुम्ही नको म्हणालात तेव्हा मला बरं वाटलं. तुमचा आकडा भरला नाही तर ते हक्क माझ्याकडे येतील. तुम्हालाही हे माहीत आहे."

"माहीत आहे. उद्या शेवटचा दिवस. सकाळी मला रस्ता पाहिजे."

"उद्या माझे पाहुणे वर जाणार आहेत."

"किती वाजता?"

"नाश्ता झाल्यावर."

"त्याच्या आधी आम्ही फाटकाबाहेर असू."

"नाही," तो म्हणाला. "माफ करा. नाही."

मी उठण्यासाठी खुर्चीच्या हातांवर जोर दिला. आमची मुलगी कुठे थांबते ते मला माहीत होतं. मेसेजच्या उत्तरानंतर ती तिथेच थांबली होती. हिने माझ्या बाहीला धरून मला खाली बसवलं.

"एकच सकाळ," मुलगी म्हणाली. "छोटीशी."

शब्द साधे होते. आवाज तिचा नव्हता. पंगतीत वाकून, हातातलं ताट जरा पुढे करून बोलतात तसा होता. शेजाऱ्याने तो ओळखला असावा, कारण त्याने मुलीकडे न बघता हिच्याकडे बघितलं. ही अत्यंत गरीब चेहरा करून चहा पीत होती.

"तुमची गाडी पुलापर्यंतच," तो शेवटी म्हणाला. "पुढे तुमच्या त्या आठ चाकांच्या यंत्रावर. पाहुणे फाटकाशी येतील तेव्हा तुम्ही माझ्या रस्त्यावर नसायचं. असलात तर मी ते ट्रस्टींना कळवणार."

किल्ली दारामागच्या खुंटीला होती. त्याने का दिली ते मला आजही ठाऊक नाही. माणूस मुळात वाईट नव्हता, ही एक शक्यता. दुसरी अशी की त्याला पुन्हा जेवायला बोलावलं जाण्याची भीती वाटली.

पहाटे मुलीने फाटक उघडलं. पुलापासून आम्ही गाडीमागच्या ट्रेलरवरून आणलेलं ते बुटकं आठचाकी वाहन घेतलं. ते चिखलातून बेडकासारखं जातं आणि आवाजही साधारण तेवढाच सुसंस्कृत करतं. एका पडक्या भिंतीशी तिने ते बंद केलं. वारा तोंडावर होता. तिने मला भिंतीआड बसवलं, रेडिओ दिला आणि हलकेच म्हणाली, "मी बोलल्याशिवाय बोलू नका. शिंकू पण नका."

मग ती गवतात आडवी झाली आणि दिसेनाशी झाली.

उजाडत होतं. माद्या कुठे होत्या ते मला दिसत नव्हतं, मुलगी कुठे होती तेही नाही. दिसत होता तो मागचा रस्ता, खाली पुलापर्यंत वळत गेलेला, रिकामा. मी वाऱ्याकडे लक्ष ठेवलं, म्हणजे माझ्या डाव्या कानाकडे. आदल्या दिवशी असाच बेसावध असताना तो फिरला होता. कान गार पडला की मी श्वास धरायचो, जणू मी श्वास धरल्याने वारा धरून राहील. देवाचं नाव घ्यावं असं मनात आलं. पण नेमकं काय मागायचं? आदल्या रात्री हिने मुलीला विचारलं होतं, "पिल्लं असतात का गं त्यांच्याबरोबर?" मुलगी म्हणाली होती, "असतात. आई मारली तर पिल्लू मागे ठेवायचं नाही, असा रूल आहे. ते एकटं हिवाळ्यात मरतं, हळूहळू." त्यावर हिने तिच्या पानात भात वाढला होता. अशा कामात यश दे म्हणून कुणाला सांगायचं, ते मला ठरवता आलं नाही. मी नुसतं म्हटलं, वारा राहू दे.

गोळीचा आवाज डोंगरांत फिरून परत आला. लगेच दुसरा. मग बरीच शांतता. मग आणखी दोन, जवळजवळ.

रेडिओ खरखरला. "बाबा, वर या. दोऱ्या आणा." तिचा आवाज सर्दी झाल्यासारखा होता.

तीन माद्या होत्या आणि एक पिल्लू. तिने पोटं साफ केली; मी पाय धरले, सांगेल तसे. वाफ येत होती. आम्ही दोघांनी एकेक जनावर दोरीने ओढत वाहनापर्यंत आणलं आणि प्रत्येक वेळी मी खाली पुलाकडे बघत होतो. शेवटची मादी, ती आदल्या दिवशीची म्हातारी असावी, दगडात अडकली. मुलगी गुडघ्यांवर बसून ती सोडवत होती आणि मला म्हणत होती, "ओढा, बाबा, ओढा ना," आणि माझ्या हातांत त्राण उरलं नव्हतं. तेवढ्यात दूर खाली, फाटकाच्याही पलीकडे, गाड्यांचे दिवे दिसले. नाश्ता लवकर झाला होता.

पुलापासून फाटकापर्यंत तिने गाडी ज्या वेगाने नेली तो मी हिला सांगितलेला नाही. फाटकाशी आम्ही आणि पाहुणे एकाच वेळी पोहोचलो. आम्ही आतून, ते बाहेरून. आमची चारही चाकं अजून शेजाऱ्याच्या रस्त्यावर होती. पाहुणे सगळे नव्या कोऱ्या ट्वीडमध्ये होते. शेजारी उतरला. त्याने मागच्या ट्रेलरमध्ये पाहिलं, मुलीच्या कोपरापर्यंत रक्ताने माखलेल्या बाह्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पाहुण्यांतल्या एकाने टोपी काढली. हरणांसाठी की मुलीसाठी, ते कळलं नाही.

शेजाऱ्याने स्वतः फाटक पूर्ण उघडलं आणि आम्ही बाहेर येईपर्यंत धरून ठेवलं. मुलीने किल्ली दिली. तो म्हणाला, "वेळेवर." तेवढंच.

ट्रस्टींची बैठक नंतर झाली, आम्ही कॉव्हेंट्रीला परतल्यावर. चार हव्या होत्या, तीन झाल्या. पण पिल्लू मादी होतं आणि ते आकड्यात धरायचं की नाही, यावर सुज्ञ माणसांनी संध्याकाळभर खल केला. मुलगी म्हणाली, बाहेर व्हरांड्यात बसून ती नखं खात होती. शेजाऱ्याकडून तक्रार आली नव्हती. अखेर पिल्लू धरलं गेलं. तिला एक वर्ष मिळालं. पुढच्या हिवाळ्यात नवा आकडा, मग पुन्हा बैठक.

ही लगेच पुण्याला फोन करून सांगत होती, "हो, वनखात्यातच. एक वर्ष वाढवून दिलं." फोन ठेवल्यावर ती ओट्यावरचे डबे रचू लागली. मोठ्यात मधला, मधल्यात लहान. आतला एक कमी होता.

"आईचा डबा त्या शेजाऱ्याकडेच राहिला," मी म्हटलं. "आणायला म्हणून गेलो आणि विसरलो."

"विसरलो नाही."

"म्हणजे?"

"पुढच्या फेब्रुवारीत किल्ली लागेल ना परत?" ती झाकण लावत म्हणाली. "त्याच्या घरी जायला काहीतरी कारण नको?"